अकराव्या दिवसाची गाडी

आमच्या गाडीच्या स्क्रीनवर एक कासव आहे. गाडी धड असते तेव्हा ते दिसत नाही. बिघाड झाला की उजव्या कोपऱ्यात हिरव्या रंगात उगवतं, आणि मग गाडी ताशी आठ किलोमीटरच्या वर जायला नकार देते. कंपनीच्या पुस्तिकेत या प्रकाराला ‘सुरक्षित अवस्था’ म्हटलं आहे. या सुरक्षित अवस्थेत मी बोळिंजच्या मोठ्या रस्त्यावरून फुलांच्या दोन पेट्या घेऊन गेले आहे, आणि सकाळी फिरायला निघालेल्या एका आजोबांनी काठी टेकत मला मागे टाकलं आहे. पुढे गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं. तेवढं त्यांनी करायला नको होतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि वसई पूर्वेच्या एका रंगांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर ती का बिघडते हे शोधायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या शिक्षणाची शोभा होणार आहे आणि ती दुसऱ्या कुणी करण्याआधी मी केलेली बरी.

आगाशीच्या पुढे आमची सोनचाफ्याची वाडी आहे. चौऱ्याऐंशी झाडं, कडेने केळी आणि मध्ये बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोल तळं. आमच्या भागात जुन्या वाड्यांना ते असायचंच. पूर्वी त्यावर बैलाचा रहाट फिरायचा, नंतर पंप आला. अर्धी वाडी बाबांची, अर्धी विलासकाकांची. काका बोळिंजला चौदाव्या मजल्यावर राहतात आणि त्यांना वाडी विकायची आहे. काका वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दादा त्रेसष्ट वर्षांचा झाला, व्यापारी फुलं उचलतो तो उपकार केल्यासारखी उचलतो, आणि शेजारच्या तिन्ही वाड्यांवर आता इमारती उभ्या आहेत. आमच्या चाफ्याला दुपारी दोननंतर ऊन मिळतं ते कुणाच्या तरी गच्चीच्या मेहरबानीवर.

हे सांगायला काका घरी आले, त्या बैठकीत मला गप्प बसता आलं असतं. मी लॅपटॉप उघडला. बोळिंजमध्ये किती इमारती, किती घरांत रोज पूजा, व्यापारी वगळून फुलं थेट दारात पोहोचवली तर काय होईल, याचे मी आलेख केले होते. तीन रंगांत. काकांनी ते चष्मा काढून पाहिले आणि चष्मा लावून पाहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. पुढच्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत. वाडी चालली तर मी विषय काढणार नाही. नाही चालली तर दादा, तू सही करायचीस.”

बाबांनी काकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाले, “बरं.”

घरी आम्ही आमची वाडवळांची बोली बोलतो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर निम्मी कळणार नाही, म्हणून बाबांचं बोलणं मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे. त्यांचं “बरं” मात्र दोन्हीकडे सारखंच.

तोंडावर आलेल्या पाडव्याला विजेवर चालणारी नवी स्कूटर घेतली. दुकानातल्या विक्रेत्याने गुण सांगितले, त्यात प्रात्यक्षिक म्हणून चालू गाडीवर नळीने पाणी मारलं आणि बाबांना म्हणाला, “बघा काका, पाण्याने हिला काहीही होत नाही.” बाबांनी मान डोलावली. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर दोनदा थोपटलं आणि विचारलं, “खाते काय?” मी चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं. पुढच्या बाजूला, हँडलच्या खाली, वाटोळं तोंड. आत सात पितळी टोचे. बाबांनी वाकून त्या तोंडात पाहिलं आणि पुन्हा मान डोलावली.

पहिले दहा दिवस सुखाचे गेले. पहाटे बाबा आणि आई कळ्या काढायचे, मी केळीच्या पानात पुड्या बांधायचे: पाच चाफे, दूर्वा, तुळस, एक जास्वंद. साडेपाचला निघायचं, सातच्या आत बोळिंजची सेहेचाळीस घरं संपवायची. वेळ महत्त्वाची. पूजा उरकल्यावर आलेलं फूल म्हणजे नुसता पाला. लोक ते घेतात, पण असा चेहरा करून की उद्यापासून नको हे आपणच म्हणावं.

अकराव्या दिवशी कासव उगवलं.

सर्व्हिस सेंटर चंदनसारला, म्हणजे विरार पश्चिमेकडून पूर्वेला, पुलावरून. ताशी आठ किलोमीटरने पूल चढणं हा अनुभव मी वर्णन करणार नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी सहानुभूतीने गप्प झाला. तिथे संकेत नावाचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता. केस नीट विंचरलेले, गळ्यात ओळखपत्र. त्याने टॅबवर लिहिलं: ‘ग्राहकाचे म्हणणे की गाडी हळू चालते.’ मी म्हटलं, ग्राहकाचे म्हणणे नाही, गाडी हळू चालते. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये तसाच ऑप्शन आहे.”

चार दिवसांनी गाडी मिळाली. चार्जिंगचं सॉकेट बदललं होतं, वॉरंटीत. कागदावर लिहिलं होतं, ‘तपासणीत दोष आढळला नाही. सॉकेट बदलले.’ ही दोन वाक्यं एका कागदावर एकत्र कशी नांदतात हा प्रश्न मी संकेतला विचारला. त्याने मला पाण्याची बाटली दिली.

त्यानंतर अकरा दिवसांनी पुन्हा कासव. पुन्हा सॉकेट. मग नऊ दिवसांनी. मग तेरा. आमच्या शेजारचे बॅप्टिस्ट अंकल, ज्यांनी एकच जुनी स्कूटर तीस वर्षं चालवली आणि तिच्याविषयी दिवंगत पत्नीपेक्षा जास्त बोलतात, ते म्हणाले, “अकराव्या दिवशी? बाय, तुमच्यात अकराव्याला काय असतं ते मला माहीत आहे. गाडी घेतलीत त्याच दिवशी मेली असेल ती.”

अंकलचं निदान मी नोंदवून ठेवलं. हो, नोंदवही केली होती. तारीख, तापमान, हवेतली आर्द्रता, किलोमीटर, किती तास चार्ज, घरातला विजेचा दाब, पेट्यांचं वजन. एक रकाना ‘इतर’. घरातले लोक तिला गाडीची पत्रिका म्हणत. आईने हँडलला लिंबू-मिरची बांधली; अंकलनी डिकीत प्रवाशांच्या संताचं छोटं पदक ठेवलं, फादरकडून आशीर्वाद घेऊन. मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे दोन्ही काढली नाहीत. एकाच वेळी दोन घटक बदलले तर निष्कर्ष काढता येत नाही. गाडीवर आता दोन धर्मांचं संरक्षण होतं आणि सॉकेट पाचवं होतं.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. कारखान्यातले एक सहकारी म्हणाले, वाडीतल्या नागिणीचा शाप. बोळिंजच्या एका ग्राहक बाईंनी विचारलं, गाडी दक्षिणेकडे तोंड करून लावता का. लावत होते. पंधरा दिवस पूर्वेकडे तोंड करून लावली; सॉकेट सहावं. लतिकाकाकू, म्हणजे काकांची बायको, तिने सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या फुलांची जाहिरात केली होती, तिला रोज उत्तरं द्यावी लागत. ती चांगल्या मनाने ग्रुपवर लिहायची: ‘फुले निघाली आहेत. गाडीला बरे नाही.’ खाली लोक हात जोडल्याची चित्रं टाकत.

कंपनीच्या तक्रार विभागाशीही माझे संबंध आले. तक्रार केली की मोबाइलवर एक क्रमांक येतो. दुसऱ्या दिवशी फोन येतो, बाई गोड आवाजात तो क्रमांक विचारतात. मी सांगितला. त्या म्हणाल्या, धन्यवाद, आपली तक्रार बंद झाली आहे. तो क्रमांक तक्रार बंद करण्याचा होता. गाडी तेव्हा चंदनसारला उघड्या पोटाने पडलेली होती. पुढच्या अर्ध्या तासात संदेश आला: आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? मी एक दिला. त्यावर पुन्हा फोन आला, संकेतचाच, अगदी पडलेल्या आवाजात. नऊच्या खाली गुण गेले की त्याचा पगार कापतात म्हणे. मी नऊ दिले. त्या महिन्यात ‘समाधानी ग्राहक’ म्हणून कंपनीने मला शुभेच्छापत्र पाठवलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये एकच माणूस गाडीविषयी काही जाणत होता, तो म्हणजे मेकॅनिक जॉयल. तो कमी बोलायचा. सहाव्या सॉकेटच्या वेळी त्याने जुनं सॉकेट माझ्या हातावर ठेवलं. पितळी टोच्यांवर हिरवा थर चढला होता, कडेला पांढरी साय. “पाणी लागतंय,” तो म्हणाला.

संकेतने लगेच टॅब पुढे ओढला, कारण पाणी लागलं तर वॉरंटी जाते. मी दोघांनाही हात करून थांबवलं. इथे माझी शोभा सुरू होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

मी म्हटलं, पाणी हे कारण असेल तर पावसाळ्यात बिघाड वाढायला हवेत. बरोबर? जॉयल म्हणाला, बरोबर. मग मी त्यांना म्हटलं, पावसाळा होऊ द्या. जून ते सप्टेंबर मी रेनकोट घालून, गुडघाभर पाण्यातून, बोळिंजच्या प्रत्येक खड्ड्यातून ती गाडी चालवली. आणि बिघाड कमी झाले. अकरा दिवसांवरून तेवीस, मग सव्वीस. ऑगस्टमध्ये तर एकही नाही. नोंदवहीत मी लिहिलं, ‘पाण्याचा संबंध नाही’, आणि खाली दोन रेघा मारल्या. जॉयलला ते पान नेऊन दाखवलं. त्याने पान पाहिलं, मला पाहिलं, आणि पान्याने कान खाजवत म्हणाला, “मग कशाचा?”

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि अकरा दिवसांचा हिशोब पुन्हा सुरू झाला.

ज्या दिवशी गाडी चंदनसारला असे त्या दिवशी मी बाबांच्या सायकलवर पुड्या पोहोचवायचे, आणि अर्ध्या घरी पूजेनंतर पोहोचायचे. ग्राहक अठ्ठावन्नवर गेले होते ते एकेचाळीसवर आले. मी बिघाडाला दोष दिला. पण दुसरंही काहीतरी होत होतं, ज्याकडे मी पाहत होते आणि पाहत नव्हते. पुडीतले चाफे पाचाचे चार झाले होते. फुलं लहान येत होती. केळीच्या पानांच्या कडा तपकिरी पडून जळाल्यासारख्या दिसत होत्या, त्यामुळे पुड्या बांधताना पान मोडायचं. बाबांना विचारलं तर म्हणाले, करपा पडलाय. करपा हा केळीचा रोग. मी म्हटलं, बरं. वाडी हा बाबांचा विभाग, गाडी हा माझा. घरात साबणाला फेस येत नव्हता, म्हणून मी साबण बदलला. माझे केस काथ्यासारखे झाले, म्हणून तीन शाम्पू बदलले. आई म्हणाली, वय होतं गं. मी पंचवीस वर्षांची आहे.

डिसेंबरात सफाळ्याच्या आत्याचं ऑपरेशन झालं आणि बाबा तिच्याकडे राहायला गेले. चांगले सव्वीस दिवस. त्या सव्वीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. बाबा आले, बाराव्या दिवशी कासव.

हे मला नोंदवहीच्या ‘इतर’ या रकान्यात सापडलं. ‘बाबा आत्याकडे.’ ‘बाबा परत.’ मी ते तीनदा वाचलं. वैज्ञानिक माणसाला निष्कर्ष आवडो न आवडो, तो समोर असला की मान्य करावा लागतो. माझ्या गाडीच्या बिघाडाचं कारण माझे वडील होते.

आता स्वतःच्या वडिलांवर प्रयोग कसा करायचा याचं शिक्षण कुठल्याच विद्यापीठात देत नाहीत. मी रोज गाडी घरी ठेवून साडेआठला निघते आणि अंधार पडल्यावर परत येते, रविवारची संध्याकाळ बोळिंजमध्ये फुलांचे पैसे गोळा करण्यात जाते, म्हणजे जे काही होतं ते माझ्या मागे. जानेवारीच्या अखेरीस एक दिवस रजा घेतली, घरी सांगितलं नाही, डबा घेऊन निघाले आणि बांधाला वळसा घालून मागच्या बाजूने वाडीत शिरले. केळीच्या दाट झाडांमागे बसले. डबा तिथेच खाल्ला. दुपारी बॅप्टिस्ट अंकलनी कुंपणापलीकडून मला पाहिलं. मी बोटाने गप्प बसा अशी खूण केली. ते छातीवर क्रॉसची खूण करून निघून गेले. नंतर कळलं की त्यांना वाटलं माझं कुणाशी तरी जमलंय.

पाच वाजता बाबा आले. बावखलातून बादली भरली. गाडीजवळ गेले, तिला पाठीवर थोपटलं, आणि धुवायला लागले. घाईने नाही. आधी पाय, म्हणजे चाकं. मग कुशी. मग पाठ. मग त्यांनी समोर बसून झाकण उघडलं, ओंजळीने त्या वाटोळ्या तोंडात पाणी मारलं, बोटाला फडकं गुंडाळून आतून बाहेरून पुसलं, पुन्हा पाणी मारलं. शेवटी खिशातून एक चाफा काढला आणि हँडलवर, लिंबाच्या शेजारी ठेवला.

मला ते ओळखीचं होतं. मी पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं होतं. रहाट होता तेव्हा बैल संध्याकाळी सुटला की घरातल्या कुणीही पाणी पिण्याआधी त्याला धुवायचं, त्याचं तोंड धुवायचं, ही आमच्या घरातली रीत. ते काम लहानपणी बाबांचं होतं. बैल गेल्यावर बाबा पंप पुसायचे, सायकल पुसायचे. वाडीसाठी जो राबला त्याचं तोंड धुतल्याशिवाय दिवस मिटत नाही. आणि दुकानातल्या माणसाने तर स्वतः सांगितलं होतं, पाण्याने हिला काही होत नाही. फक्त पावसाळ्यात बाबा धूत नसत. पावसानेच धुतली जाते म्हणत.

मी केळीमागून उठले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. चौदा सॉकेटं, एक शुभेच्छापत्र, दोन धर्म, आणि कारण हे. बाबा दचकले. मी म्हटलं, “बाबा, अहो, ती तोंड धुवून घेत नाही.”

ते ओशाळले. बादली बाजूला ठेवून म्हणाले, “घाम येतो तिला. पांढरं पांढरं बसतं तोंडावर. म्हणून रोज जास्त धूत होतो.”

पांढरं बसतं. माझं हसू तिथे थोडं कमी झालं. नुसत्या पाण्याने हिरवा गंज चढेल. पांढरा थर कशाचा? आणि पाऊस नळीने मारल्यासारखा पडत असताना सॉकेट टिकलं, मग ओंजळभर पाण्याने का जातं?

कामातून सवय झालेली असते, हात आपोआप करतात. दुसऱ्या दिवशी मी जुनं सॉकेट आणि बावखलाच्या पाण्याची बाटली कारखान्यात नेली. थर शुद्ध पाण्यात विरघळवला, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. ही शाळेतली परीक्षा आहे; साका बसला म्हणजे मीठ. मग बावखलाचं पाणी घेतलं. थेंब पडायच्या आत ते पांढरं झालं. मग मीटर लावला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे विरघळलेले क्षार पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असावेत असा नियम आहे. मीटरने चार हजार एकशे दाखवले. मी मीटर धुतला, पुन्हा लावला. चार हजार एकशे वीस.

आमच्या बावखलात समुद्र आला होता.

सगळं एका ओळीत उभं राहिलं: साबण, केस, केळीच्या कडा, चाराचे तीन होत चाललेले चाफे. पावसात पाणी पातळ होतं, म्हणून पावसात सगळंच बरं असतं, वाडीही आणि गाडीही. दहा महिने मी हवेतली आर्द्रता मोजत होते. ज्या पाण्यावर वाडी उभी होती, आणि ज्या वाडीवर माझा आलेख उभा होता, त्या पाण्याला मी एक मीटर लावला नव्हता. मीटर माझ्या टेबलाच्या खणात असतो.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. वाटेत एकच विचार: बाबा हे पाणी चाफ्याला घालताहेत, आणि त्यांना ठाऊक नाही. कसं सांगायचं? वाडीत पोहोचले तेव्हा बाबा एका झाडाच्या बुंध्याशी बसले होते. बुंध्यालगत मातीत मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, आणि बाबा त्यात कळशीने पाणी ओतत होते. कळशी घरातली होती. पाणी नळाचं होतं, महापालिकेचं, जे एक दिवसाआड तासभर येतं.

मी कळशीकडे बघत उभी राहिले. मग पुढच्या झाडाशी गेले. तिथेही मडकं. मी मोजत गेले. एकतीस झाडांना मडकी होती. बाकीच्या त्रेपन्न झाडांच्या पानांच्या कडा जळलेल्या होत्या.

म्हणजे आई भांडी, कपडे, आंघोळ सगळं बावखलाच्या पाण्यात करत होती, माझ्या आंघोळीची बादलीसुद्धा, आणि नळाचं पाणी इथे येत होतं. मी कामावर गेल्यावर. म्हणून गाडी धुवायला खारं पाणी. गोडं पाणी तिच्यावर घालवणं बाबांच्या जिवावर आलं असतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“जिभेला कळतं ते,” बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“विलास सही मागायला आला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून.”

मी विचारलं की मग त्या दिवशी बैठकीत गप्प का बसलात. बाबांनी कळशी आडवी करून शेवटचं पाणी मडक्यात निथळू दिलं. मग म्हणाले, “तू लॅपटॉप उघडलास ना. सगळं मांडून दाखवलंस. मला वाटलं, शिकलेली आहे, पाण्याचं धरूनच बोलत असेल. काहीतरी उपाय असेल तिच्याकडे.”

तीन रंगांच्या त्या आलेखात पाण्याचा रंग नव्हता. वर्षभर बाबा तो उपाय कधी निघतो याची वाट बघत होते आणि तोवर झाडं जगवत होते. आणि मी गाडी दुरुस्त करत होते.

त्या दिवसापासून बाबांनी गाडीला पाणी लावलं नाही. चाफा मात्र रोज ठेवायचे. जॉयलने पंधरावं सॉकेट बसवलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी बोललो होतो, पाणी.” मी म्हटलं, हो. संकेतने कागदावर लिहिलं, ‘ग्राहकाचे समाधान झाले.’ सिस्टीममध्ये तसाच ऑप्शन होता. गाडी फेब्रुवारीभर आणि निम्मा मार्च एकदाही बंद पडली नाही. आम्ही वेळेवर सातच्या आत पोहोचत होतो, पुडीत दोन चाफे घेऊन.

पाडव्याला काका आले. हातात श्रीखंडाचा डबा आणि काखेत फाइल. काकू गुढीला नमस्कार करून आत गेली. काकांनी आधी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “काय म्हणते गं तुझी पेशंट?” मी म्हटलं, चाळीस दिवस ठणठणीत आहे. ते मनापासून खूश झाले. खरंच झाले.

बाबांनी आईला हाक मारून काकांसाठी पाणी आणायला सांगितलं, आणि मग स्वतःच उठले. बावखलावर गेले, तांब्या भरला, पेल्यात ओतून काकांच्या हातात दिला. मी पुढे झाले, पण आईने माझा दंड धरला.

काका याच बावखलात पोहायला शिकलेले. त्यांनी मोठा घोट घेतला. तो तोंडात तसाच धरला. थुंकतील असं वाटलं, पण त्यांनी तो गिळला, सावकाश, आणि पेला खाली ठेवला.

“सांगितलं का नाहीस, दादा?”

“तू विकायचं म्हणत होतास. त्यात आणि हे कशाला.”

मग बाबांनीच हात पुढे करून फाइल घेतली. अट एकच ठेवली: घराला लागून एकतीस झाडांची पट्टी आपली. काकांनी नकाशावर पेनाने रेघ ओढली. रेघ ओढताना त्यांचा हात पुढे सरकला आणि ते म्हणाले, “एकतीस कशाला, चाळीस ठेव. माझे पैसे कमी आले तरी चालतील.”

बाबा म्हणाले, “बत्तिसाव्याला पाणी नाही, विलास.”

त्यांनी सही केली. पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखं. आईने श्रीखंडाच्या वाट्या आणल्या आणि आम्ही पाचही जणांनी श्रीखंड खाल्लं, कारण सण होता.

गाडी आता उत्तम चालते. नोंदवहीत ‘बिघाड’ या रकान्यात गेले सात आठवडे मी ‘नाही’ लिहिते आहे. एकतीस झाडांची फुलं एका पेटीत मावतात, तीही अर्धी रिकामी राहते. बॅप्टिस्ट अंकल म्हणतात, बघ, जुनी झाली की सुधारतात. त्यांचं पदक डिकीत आहे. शेजारच्या त्रेपन्न झाडांवर मशीन येणार ती तारीख ठरली आहे, पुढचा सोमवार आहे.

काल रविवारी मी घरी होते. पाच वाजता बाबा बाहेर आले. हातात बादली नव्हती, एक तांब्या होता. मी पाहिलं, नळाचं पाणी. दुपारी एकतिसाव्या झाडाचं मडकं त्यांनी गळ्यापर्यंत भरलं नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं होतं. त्यांनी गाडीला थोपटलं आणि चाकांवर थोडं थोडं पाणी सोडायला लागले.

हिला याची काही गरज नाही, हे सांगायला मी उठले. जवळ गेले. आणि पुढचं झाकण उघडं होतं, ते तेवढं बोटाने दाबून घट्ट बंद केलं.